सेटिंग उडालं नव्हतं, शेजारीच होतं

‘लिनक्स अपडेट केलं की सेटिंग उडतं, म्हणून आम्ही अपडेटच करत नाही.’ अंबड एमआयडीसीत वर्कशॉप असलेल्या मित्राचं हे वाक्य मी तीन वर्षं ऐकत होतो. गेल्या महिन्यात त्याने धीर करून सर्व्हरवर डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती चढवली. तासाभरात लेबल प्रिंटर, हजेरीचं मशीन, ऑफिसातले संगणक एकेक करून नेटवर्कवरून गळाले. अकाउंटंटने कालनिर्णय बघून निदान केलं: अमावास्या.

मी गेलो तेव्हा सर्व्हरवर दसऱ्याचा झेंडू सुकलेला होता आणि डीएनएसमास्कची सेटिंगची फाइल कोरीच म्हणावी अशी. हा प्रोग्राम प्रत्येक यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता वाटतो. मित्राने प्रिंटरसाठी लिहिलेली ओळ गायब. उरलेल्या सगळ्या ओळी माणसांसाठीच्या नुसत्या टिपा. पत्ते वाटायला कोणी नाही, जुन्यांची मुदत संपली, खेळ खलास.

पण डेबियनमधला डीपीकेजी हा पॅकेज, म्हणजे प्रोग्राम आणि त्याच्या फाइलींचा गठ्ठा, बसवणारा प्रोग्राम आंधळेपणाने फाइल पुसत नाही. पॅकेज बसवताना त्यातल्या कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाइलचा एमडीफाइव्ह ठसा तो स्वतःच्या वहीत टिपून ठेवतो. हा ठसा म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली ३२ अक्षरांची खूण. एक स्पेस वाढवली तरी ती पार बदलते. (२००४ मध्ये शियाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी एकच ठसा असलेले दोन वेगळे मजकूर बनवून दाखवले. पण इथे चोर पकडायचा नाही, बदल हेरायचा आहे.)

नवी आवृत्ती आली की तीन ठसे समोर येतात: मागच्या पॅकेजने दिलेल्या फाइलचा, डिस्कवर आज असलेल्या फाइलचा आणि नव्या पॅकेजमधल्या फाइलचा. पहिले दोन सारखे, म्हणजे तुम्ही हात लावलेला नाही. नवी फाइल गुपचूप बसते. पहिला आणि तिसरा सारखा, म्हणजे बदल फक्त तुमचा. तुमची फाइल राहते. तिन्ही वेगळे असतील तरच तो थांबून विचारतो: नवी फाइल बसवू का? वहीतला तो पहिला ठसा नसता तर फाइल वेगळी आहे एवढंच कळलं असतं, ती कोणी बदलली हे नाही. सगळी गंमत वहीतल्या त्या साक्षीदारात आहे.

तुम्ही आपली फाइल ठेवा म्हणालात तरी वहीत नव्या पॅकेजचाच ठसा चढतो. त्यामुळे तोच प्रश्न पुढच्या वेळी येत नाही. पॅकेजवाल्यांनी फाइल पुन्हा बदलली तरच येतो. आणि फाइल तुम्ही मुद्दाम उडवली असेल, तर तेही तुमचं मत धरून डीपीकेजी ती विचारल्याशिवाय परत आणत नाही.

घोळ त्या प्रश्नावर झाला. नुसतं एंटर मारलं असतं तर जुनी फाइल राहिली असती, कारण ठरलेलं उत्तर ‘एन’, म्हणजे नको, असं आहे. ‘डी’ दाबलं असतं तर दोन्हींतला फरक दिसला असता. पण एरवीच्या ‘पुढे जाऊ का?’ला वाय, म्हणजे हो, दाबायला सरावलेला हात इथेही वायवर गेला. तरीही जुनी फाइल पुसली नव्हती. त्याच फोल्डरमध्ये, नावापुढे डॉट डीपीकेजी-ओल्ड असं शेपूट लावून पडली होती. उलट उत्तर दिलं असतं तर नवी फाइल डीपीकेजी-डिस्ट नावाने शेजारी आली असती. लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारांत, रेडहॅटच्या कुळात आरपीएमसेव्ह आणि आरपीएमन्यू, आर्चमध्ये पॅकन्यू. शेपटं निराळी, रीत तीच.

एआय सर्व्हर सांभाळेल असं सांगणारे मित्राकडे दोनदा येऊन गेले आहेत. दोन फाइलींतला फरक दाखवणारा डिफ १९७० च्या दशकातला. त्याला कोणी विचारत नाही.

मी डिफ चालवला. मित्राच्या ११ ओळी निघाल्या. त्या मूळ फाइलमध्ये परत न घालता डीएनएसमास्कच्या डॉट-डी या जादा सेटिंगच्या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत ठेवल्या. ती फाइल पॅकेजची नाही, त्यामुळे डीपीकेजी तिला हातच लावत नाही. सर्व्हिस रिस्टार्ट केली आणि थोड्या वेळाने प्रिंटरने सकाळपासून अडकलेली लेबलं एकापाठोपाठ एक बाहेर टाकली.