कपाशीच्या पानावरची लव: तुडतुड्यांना अडसर, पांढऱ्या माशीला आसरा

‘या वाणाच्या पानावर लव आहे, रसशोषक किडींची काळजी नको.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राहवत नाही. तुडतुड्यांपुरतं ते खरं आहे. पांढऱ्या माशीच्या बाबतीत ते साफ उलटं आहे.

तुडतुडे कपाशी लावणाऱ्याला सांगायला नकोत: हिरवट, तिरके चालणारे, पानांच्या कडा पिवळ्या-लाल करून खाली मुरडणारे. पांढरी माशी जेमतेम 1 मिलिमीटरची. झाड हलवलं की भुर्रकन उडते, आणि तिच्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. इथवर कुणी चुकत नाही.

चूक होते ती लवेपाशी. तुडतुड्याची मादी अंडी शिरेच्या आत खुपसते. शिरेवर लांब, दाट लव असली की तिला तिथपर्यंत नीट पोचता येत नाही, आणि पिल्लांच्या सोंडेलाही तोच अडथळा होतो. म्हणून नुसती लव आहे की नाही एवढं बघून भागत नाही. मधल्या शिरेवर ती किती दाट आणि किती लांब आहे, हे बघायचं.

पांढऱ्या माशीला शिरेत अंडी खुपसायचीच नसतात. तिचं अंडं बारीकशा देठावर पानाच्या मागच्या बाजूला उभं असतं. त्यातून निघालेलं पिल्लू जरासं सरकतं, एका जागी सोंड रोवतं आणि माशी होऊन बाहेर पडेपर्यंत जवळजवळ तिथंच चिकटून राहतं. अशा किडीला लव म्हणजे आयता आडोसा. वारा कमी लागतो, पानालगत दमटपणा टिकतो, आणि तिच्यावर जगणाऱ्या मित्रकीटकांना त्या केसांतून वाट काढताना वेळ लागतो. पान उलटं करून तिरप्या उजेडात भिंगाखाली धरा. केसांच्या बुडाशी खवल्यासारखी चपटी, पिवळसर पिल्लं बसलेली दिसतील.

पानाची जाडीही थोडी कामाची: रसवाहिन्या मागच्या पृष्ठभागापासून जितक्या खोल, तितकी पांढऱ्या माशीची सोंड पोचणं अवघड. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो पानाचा आकार. भेंडीसारखं खोल चिरलेलं पान असलं की झाडात ऊन-वारा खेळतो, फवारा आतपर्यंत जातो आणि माशीही कमी थारा धरते.

कपाशीची पानं मुरडवणारा पर्णगुच्छ (लीफ कर्ल) विषाणू पांढरी माशीच पसरवते, तुडतुडे नाही. तो रोग जिथं आहे तिथं मी गुळगुळीत पानाचाच वाण घेईन आणि तुडतुड्यांवर सुरुवातीपासून नजर ठेवीन. रोग नाही, पण तुडतुडे लवकर येतात, तिथं लव हवीच. मात्र कुणी एखाद्या वाणाला ‘प्रतिकारक’ म्हटलं, की कोणत्या किडीला, हे आधी विचारा.

आणि लव तपासताना पानाच्या वरून बोट फिरवू नका. दोन्ही किडींचा मुक्काम मागच्या बाजूला असतो.