डोळ्यांनी घेतलेला चाकू

घडीच्या पारंपरिक चाकूला सहसा लॉक नसतं. उघडलेलं पातं जागच्या जागी राहतं ते मुठीच्या पाठीत बसवलेल्या पोलादी स्प्रिंगच्या दाबावर. पात्याचं जे मूळ मुठीत लपलेलं असतं, त्याच्या कडा ठरावीक कोनात घासलेल्या असतात. पात्यावरच्या खाचेत नख घालून पातं उचललं की मुळाचा कोपरा स्प्रिंगला वर रेटतो, स्प्रिंग वाकते, कोपरा पुढे सरकला की ती सपाट कडेवर खाली बसते आणि ‘खट्’ असा आवाज होतो. काही नमुन्यांत पातं काटकोनात आलं की मध्येच एकदा थांबतं आणि मग पुढे जातं. या चालीला आणि आवाजाला मिळून संग्राहक ‘वॉक अँड टॉक’ म्हणतात. नवा चाकू हातात आला की सगळ्यात आधी तेच पाहिलं जातं.

स्प्रिंग कडक लागेल की सैल, हे तिच्या जाडीवर, तिच्या पोलादाला दिलेल्या पाण्यावर आणि पात्याच्या मुळाच्या आकारावर ठरतं. चाकू बनवणारी गावं पाहिली, तर इंग्लंडचं शेफील्ड असो, जर्मनीचं झोलिंगेन असो की अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधलं ब्रॅडफर्ड किंवा टायटसव्हिल, या कामात आजही बरंच घासणं आणि जुळवणं माणसाच्या हाताने होतं. त्यामुळे एकाच खेपेतले, दिसायला अगदी सारखे दोन चाकू बोटांना वेगवेगळे लागू शकतात. एकाचं पातं उघडताना नख तुटेल की काय असं वाटतं, दुसऱ्याचं सहज उघडतं. फोटोत मात्र दोघांत काहीच फरक दिसत नाही.

माझ्या मते चाकूच्या संग्राहकांना वारंवार छळणाऱ्या त्या चुटपुटीचं मूळ इथे आहे. महिनोन् महिने वाट पाहिलेला चाकू एकदाचा येतो, मालक तो उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो आणि त्याचं मन खट्टू होतं. चाकूत सांगण्यासारखा दोष नसतो. पैसेही आवाक्याबाहेरचे गेलेले नसतात. तरी हा घ्यायला नको होता, असं वाटत राहतं. खरेदीचा निर्णय डोळ्यांनी घेतलेला असतो आणि त्याचा परिणाम हाताला भोगायचा असतो. या दोन क्षणांत माणसाचं मन वेगवेगळ्या मापांनी मोजतं.

वर्तनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर सी यांनी 1990च्या दशकात हे मोजमाप एका साध्या प्रयोगातून दाखवलं. त्यांनी लोकांना संगीताच्या जुन्या शब्दकोशांची किंमत लावायला सांगितली. एका कोशात 10,000 नोंदी होत्या आणि तो नव्यासारखा होता. दुसऱ्यात 20,000 नोंदी होत्या, पण त्याचं कव्हर फाटलेलं होतं. ज्यांना एकच कोश दाखवला, त्यांनी नव्यासारख्याला जास्त किंमत दिली. ज्यांना दोन्ही शेजारी-शेजारी दाखवले, त्यांनी फाटक्या कव्हरच्या मोठ्या कोशाला. कोश तेच, पण तुलना समोर आली की नोंदींच्या आकड्याला अर्थ आला. एकट्या कोशाकडे पाहणाऱ्याला 10,000 नोंदी म्हणजे पुष्कळ की थोड्या, हे कळायला मार्गच नव्हता.

चाकू घेताना आपण नेहमी शेजारी-शेजारी पाहत असतो. हाडाच्या मुठीचा रंग मधासारखा की तांबूस, सांबरशिंगावर साल किती जाड राहिली आहे, चाकूच्या ठरलेल्या नमुन्यांपैकी बार्लो की काँग्रेस, पाती दोन की चार. पडद्यावर दहा फोटो एका ओळीत असले की रंगातली एक छटासुद्धा फार मोठी वाटते आणि तेवढ्यासाठी माणूस जास्त पैसे मोजायला तयार होतो. पुढे खिशात चाकू एकटाच असतो. तिथे त्याच्या छटेची तुलना करायला कोणी नसतं. तिथे जाणवतं ते त्याचं वजन, तळहातात रुतणारा एखादा कोपरा, स्प्रिंगचा जोर. निवड करताना यातली एकही गोष्ट यादीत नव्हती. सी आणि जियाओ झांग यांनी 2004 साली या प्रवृत्तीवर लिहिलं: शेजारी ठेवून पाहताना माणूस फरक फुगवतो आणि त्या फरकामुळे नंतर किती सुख मिळेल याचा अंदाज चुकवतो.

पण अंदाज चुकला तरी इतकी तीव्र ओढ लागते ती कुठून? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी उंदरांवर केलेलं काम इथे फार महत्त्वाचं आहे. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन (पेशींमध्ये संदेश नेणारं एक रसायन) जवळजवळ नाहीसं केलं होतं, ते आपणहून अन्नाला तोंडही लावत नसत. समोर अन्न असूनही उपाशी राहत. पण जिभेवर गोड थेंब टाकला की इतर उंदरांसारखेच ओठ चाटत. म्हणजे गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. ‘हवंहवंसं वाटणं’ आणि ‘आवडणं’ या मेंदूत दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, असं बेरिज यांनी यातून मांडलं. एरवी त्या बरोबर चालतात म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या नोंदी याला पूरक आहेत. फळाचा रस अवचित मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात चेततात. रसाच्या आधी दिवा लागतो हे माकडाला कळलं की पेशी दिव्याला चेततात आणि रस ठरल्याप्रमाणे आला तर वेगळं काही करत नाहीत. रस आलाच नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षा खाली जाते. माकडाच्या रसावरून संग्राहकाच्या चाकूपर्यंत एका उडीत पोहोचणं घाईचं होईल. तरी ज्याने नव्या खेपेची घोषणा वाचून रात्री फोटो पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिले आहेत, त्याला यातली संगती लगेच जाणवेल. उत्कंठेचा शिखरबिंदू घोषणेच्या क्षणी येऊन जातो. चाकू अपेक्षेबरहुकूम निघाला तर मन जागच्या जागी राहतं, आणि स्प्रिंग जरा सैल निघाली तर खाली जातं. शिवाय पारंपरिक चाकूंचे बरेच निर्माते एक नमुना मर्यादित संख्येत काढतात, मग मुठीचं साहित्य बदलून पुढच्या नमुन्याकडे वळतात. त्यामुळे घोषणांचे दिवे सतत लागत राहतात.

निराशा आणि पश्चात्ताप या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. पश्चात्तापासाठी ‘दुसरा घेतला असता तर’ हे मनात उभं राहावं लागतं. 2004 साली नाताली कामीय आणि सहकाऱ्यांनी कपाळामागच्या, डोळ्यांच्या खोबणीच्या अगदी वर असलेल्या मेंदूच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना एक जुगाराचा खेळ खेळायला दिला. दोन चक्रांपैकी एक निवडायचं, फिरवायचं. आपल्या चक्राने हरवलं तर या रुग्णांना वाईट वाटे, जिंकवलं तर आनंद होई. न निवडलेल्या चक्राने जास्त पैसे दिले असते हे दाखवल्यावर निरोगी माणसं हळहळत. रुग्णांवर त्याचा काही परिणाम होत नसे. पश्चात्तापाला मेंदूत स्वतःची जागा आहे, आणि ती न मिळालेल्या गोष्टीचा हिशोब ठेवते.

आता संग्राहकाची स्थिती पाहा. त्याने निवडलेल्या चाकूची न निवडलेली भावंडं कायम त्याच्या डोळ्यांसमोर असतात. दुसऱ्याच्या हातात तोच नमुना अधिक देखण्या हाडात दिसतो. आपण कोरीव हाडाचा घेतला आणि पंधरा दिवसांत गुळगुळीत आबनुसाचा आला. ज्या छंदात पर्याय इतके जवळजवळचे आणि इतके दिसत राहणारे असतात, तिथे हळहळ वाढली नाही तरच नवल.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यात उपयोगाची वाटते. घेतलेल्या निर्णयाशी मन सहसा जुळवून घेतं. 1956 साली जॅक ब्रेम यांनी दाखवलं की दोन सारख्याच आवडत्या घरगुती वस्तूंतून एक निवडल्यावर माणसाला निवडलेली अधिक आवडू लागते आणि सोडलेली कमी. (त्या पद्धतीच्या गणितातच यातला काही परिणाम आपोआप निर्माण होतो, हा आक्षेप 2010 साली घेतला गेला, आणि तो योग्य होता. पण तो दोष टाळून केलेल्या नंतरच्या प्रयोगांतही परिणाम पूर्ण नाहीसा झाला नाही.) मात्र हे जुळवून घेणं कधी होतं? डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांचा 2002 सालचा प्रयोग याचं उत्तर देतो. विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या फोटोंपैकी एक ठेवायचा, एक द्यायचा. काहींना सांगितलं की निर्णय अखेरचा, काहींना सांगितलं की काही दिवस बदलता येईल. ज्यांना बदलायची मुभा नव्हती, त्यांना पुढे आपला फोटो जास्त आवडला. आधी विचारलं असता लोकांना मुभेने काही फरक पडेल असं वाटत नव्हतं.

चांगला, न वापरलेला पारंपरिक चाकू पुन्हा विकता येतो, बऱ्याचदा घेतल्या किमतीच्या आसपास. संग्राहक याला या छंदाचा मोठा गुण मानतात. पण त्याच गुणामुळे निर्णय कधी संपतच नाही. डबीत, तेलाचा हात लावून, कागदात गुंडाळून ठेवलेला चाकू ही कायमची उघडी राहिलेली निवड असते, आणि उघड्या निवडीशी मन समझोता करत नाही.

कार्बन पोलादाचं पातं ही निवड बंद करू शकतं. या चाकूंत 1095 जातीचं पोलाद फार चालतं. त्यात कार्बन साधारण 0.95 टक्के असतो आणि स्टेनलेस होण्यासाठी लागणारं क्रोमियम जवळजवळ नसतं. अशा पात्याने एक आंबटसर फळ कापून पाहा. फळातलं आम्ल काही मिनिटांतच लोखंडाशी क्रिया करू लागतं. धारेलगत आधी करडा ढग उमटतो, मग निळसर-जांभळी झाक येते, आणि जिथे रस ओघळला तिथे त्याची रेघ राहते. हा थर पोलादाला घट्ट चिकटून बसतो आणि लाल गंजाचा वेग कमी करतो. लाल गंज मात्र भुसभुशीत असतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि ओल आत जात राहते. म्हणून पहिला थर हवा असतो आणि दुसरा तेलाने, पुसून दूर ठेवावा लागतो. त्या पहिल्या कापाबरोबर चाकू ‘नवा’ म्हणून विकण्याची वाट बंद होते. वापरायला काढलेल्या चाकूंबद्दल रुखरुख कमी राहते असं मला ठामपणे वाटतं. त्याला एक कारण हे, आणि दुसरं असं की उघडझाक होत राहिली की तेल मुरतं, घासणाऱ्या कडा गुळगुळीत होतात आणि कडक स्प्रिंगची चालही थोडी सुधारते.

अर्थात खऱ्या दोषाला मनाचा खेळ समजू नये. उजेडात धरल्यावर स्प्रिंग आणि अस्तराच्या (मुठीच्या आतल्या धातूच्या पट्टीच्या) मधून फट दिसत असेल, उघडलेलं पातं बोटांत डावं-उजवं हलत असेल, मिटताना धार आत स्प्रिंगवर आपटून बोथट होत असेल, तर चाकू परत करावा. जुने चाकू घेणाऱ्यांनी सेल्युलॉइडच्या मुठीबाबत जास्त जागरूक राहावं. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं हे जुनं प्लास्टिक वयाबरोबर विघटित होतं, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं आम्ल होतं आणि ते पात्याला खातं. बंद डबीत शेजारच्या चाकूंनाही गंज चढतो. असे चाकू वेगळे आणि हवेशीर ठेवावे लागतात.

आणि ज्याचं मन खरंच उतरलं आहे त्याने चाकू विकून टाकावा का? इथे तराजूचं पारडं फिरतं. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 साली काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि विकायला किती घ्याल हे विचारलं. ज्यांच्याकडे मग नव्हते त्यांना किती द्याल हे विचारलं. मालकांचा मधला आकडा 7 डॉलरच्या आसपास होता, घेणाऱ्यांचा 3च्या. हातात आलेली वस्तू सोडताना होणारा तोटा माणसाला जास्त बोचतो. टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांच्या 1990च्या दशकातल्या अभ्यासात आणखी एक पैलू पुढे आला. जवळच्या काळात केलेल्या कृतीची खंत जास्त जाणवते, पण बऱ्याच काळाने मागे वळून पाहताना माणसं न केलेल्या गोष्टींसाठी जास्त हळहळतात. मर्यादित संख्येत निघालेला चाकू एकदा हातचा गेला की तसाच पुन्हा मिळण्याची खात्री नसते. मुरलेल्या संग्राहकाला कशाचा पश्चात्ताप होतो असं विचारलं, तर चुकून घेतलेल्या चाकूंची नावं त्याला आठवावी लागतात. विकलेल्यांची तो आपणहून सांगू लागतो, आणि त्यातला एखादा जास्त पैसे मोजून परत मिळवल्याचंही सांगतो.