'स्प्रूस' : देशाच्या नावाचे झाड कसे झाले

मॉरिशसहून येणाऱ्या साखरेला आपल्याकडे 'मोरस' म्हणत. देश विस्मरणात गेला, साखर तेवढी राहिली. इंग्रजीतल्या 'स्प्रूस'चेही असेच झाले आहे. नाताळात दिव्यांनी सजवतात ते शेंड्याकडे निमुळते होत गेलेले सदाहरित झाड, ही त्याची आजची ओळख. पण जवळजवळ तीनशे वर्षे हा शब्द झाडाचा नव्हताच. तो होता प्रशियाचा, म्हणजे बाल्टिक समुद्राकाठच्या एका जुन्या राज्याचा.

मूळ रूप 'प्रूस'. जुन्या फ्रेंचमधून ते इंग्रजीत आले. १४व्या शतकात इंग्रज सरदार बाल्टिक किनाऱ्यावर धर्मयुद्धाच्या नावाखाली लढायला जात; पुढे गादीवर बसलेला राजघराण्यातला एक सरदार १३९० मध्ये तिकडे गेला होता. त्याच किनाऱ्यावरच्या डान्झिग (आजचे ग्दान्स्क) आणि शेजारच्या बंदरांतून इंग्लंडला लाकूड, डांबर, मेण, कमावलेले चामडे जाई. त्या मालाला लोक बंदराच्या मुलखाचे नाव देत. स्प्रूसचे चामडे, स्प्रूसचा पेटारा, स्प्रूसची बिअर आणि स्प्रूसच्या फळ्या, हे सगळे 'प्रशियाहून आलेले' एवढ्याच अर्थाने.

आता सुरुवातीचा 'स' कुठून आला? इथे अभ्यासकांचे एकमत नाही, आणि या शब्दाची खरी गंमतही इथेच आहे. एक मत असे की, पोलिश भाषेत 'प्रशियाहून' याला 'झ प्रूस' म्हणतात. बंदरातल्या हमालांच्या, दलालांच्या तोंडून ते इंग्रज खलाशांनी ऐकले आणि दोन्ही शब्द जोडून घेतले. दुसरे मत जर्मन 'श्प्रोसन', म्हणजे कोवळे कोंब, याकडे बोट दाखवते. सूचिपर्णी झाडांच्या कोंबांपासून केलेल्या बिअरला जर्मनमध्ये त्यावरूनच नाव आहे, आणि इंग्रजांची 'स्प्रूस बिअर' हा त्याचाच अपभ्रंश, असे हे मत सांगते. ऐकायला ते फार पटते, कारण स्प्रूसच्या कोंबांची बिअर खरोखरच करतात. पण कालक्रम त्याला साथ देत नाही. 'स्प्रूस' हे रूप १४व्या शतकाच्या अखेरीस मिळते ते देशाचे नाव म्हणून. तिथे ना कोंब आहेत ना बिअर. देशाचे नाव आधीच 'स' घेऊन उभे असेल, तर तो 'स' बिअरमधून आला असे म्हणता येत नाही. कोंबांनी शब्द टिकवायला हातभार लावला असेल, जन्म दिला नाही. पोलिश मतालाही लेखी पुरावा नाही, तरी मला ते जास्त जवळचे वाटते. व्यापारात नावे अशीच, अर्धवट ऐकून तयार होतात.

१६व्या शतकाच्या अखेरीस 'स्प्रूस' म्हणजे टापटीप, नीटनेटका असा अर्थही रुळला. प्रशियाच्या चामड्याची बंडी अंगात घालणारा माणूस रुबाबदार दिसे, त्यावरून हा अर्थ आला असावा, असे मानले जाते. झाडाला नाव मिळाले ते त्यानंतर. जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी प्रशियाची लाकडे उत्तम, म्हणून आधी 'स्प्रूस फर' (फर हे स्प्रूससारखेच एक सूचिपर्णी झाड) आणि १७व्या शतकात नुसते 'स्प्रूस'.

शास्त्रीय नावाचा घोळ निराळाच. लॅटिनमध्ये 'आबिएस' म्हणजे फर आणि 'पिसिआ' म्हणजे राळ देणारे झाड, इथे स्प्रूस. १७५३ मध्ये एका स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने दोन्ही नावांची अदलाबदल केली. पुढे प्रजाती वेगळ्या झाल्या, पण जुने नाव जपण्याच्या नियमामुळे युरोपातला स्प्रूस आज 'पिसिआ आबिएस' आहे, म्हणजे एकाच नावात दोन्ही झाडे.

नंतर शब्द झाडालाही सोडून फिरू लागला. १७७३ मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर थांबलेल्या एका ब्रिटिश जहाजावर स्कर्व्ही या खलाशांच्या रोगावर उपाय म्हणून 'स्प्रूस बिअर' केली गेली. झाड होते रिमू, स्प्रूसच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. दिसण्यातले साम्य एवढेच कारण. अमेरिकेत एका उद्योगपतीने बांधलेले अजस्र लाकडी विमान वृत्तपत्रांनी 'स्प्रूस गूस' म्हणून गाजवले, तेही मुख्यतः बर्चच्या लाकडाचे होते. ते एकदाच उडाले, २ नोव्हेंबर १९४७ रोजी. त्याच वर्षी २५ फेब्रुवारीला दुसऱ्या महायुद्धातल्या विजेत्या राष्ट्रांनी प्रशिया हे राज्य कायद्याने संपवले होते.

मराठीत स्प्रूसचे भाषांतर अनेकदा 'देवदार' असे होते, आणि ते चूक आहे. आपल्या बोलण्यात देवदार आधीच सैल झाला आहे. 'देवदारी खोकी' म्हणतो ती बहुधा पाइनच्या फळ्यांची असतात. खरा देवदार सीडरच्या कुळातला. त्याच्या सुया झुपक्यांनी येतात, शंकू फांदीवर ताठ उभे राहतात आणि झाडावरच विखरून गळतात. स्प्रूसच्या सुया सुट्या असतात, शंकू खाली लोंबतात आणि अखंड पडतात. हिमालयात स्प्रूसही आहे. हिमाचलात त्याला 'रई' म्हणतात. भाषांतरात 'स्प्रूस' तसाच ठेवावा, आणि झाड हिमालयातले असेल तर सरळ 'रई' लिहावे.