कारखान्याचे रूळ मॉडेलवर: शंटिंगच्या कोड्यापासून दरवाज्यांच्या क्रमांकांपर्यंत

खराखुरा कारखाना समोर ठेवून लेआउट, म्हणजे छोट्या गाड्यांच्या रुळांची आणि देखाव्याची मांडणी, आखायचा, ही कल्पना मॉडेल रेल्वेच्या छंदात बरीच उशिरा रुजली. सुरुवातीची कित्येक दशकं गाडी नीट धावली म्हणजे झालं, असा मामला होता. कारखाना असलाच तर कोपऱ्यात एक इमारत, तिच्यापुढे एक साइडिंग, म्हणजे बाजूला काढलेला रूळ, आणि दोन वाघिणी. त्या कुठून आल्या आणि त्यांत काय भरलंय, हे फारसं कोणी विचारत नसे.

१९६० च्या दशकात अमेरिकेत प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड आणि त्याला जोडलेलं वेबिल, म्हणजे मालाची पाठवणी-चिठ्ठी, ही पद्धत पसरू लागली. वेबिल आलं की पाठवणारा आला, घेणारा आला, माल आला. कारखाना आता देखाव्याचा भाग राहिला नाही, गाडी सोडायचं ते कारणच झालं.

इथून थेट खऱ्या कारखान्याकडे जायला हवं होतं. मध्येच आली कोडी. १९७२ मध्ये अमेरिकेत शंटिंगचं, म्हणजे वाघिणी पुढे-मागे करून हव्या त्या जागी लावण्याचं, एक कोडं प्रसिद्ध झालं: अपुरे रूळ, मोजक्या वाघिणी, हातात घड्याळ. १९७९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये दुसरं आलं. त्यात तीन साइडिंग, अनुक्रमे पाच, तीन आणि तीन वाघिणींच्या लांबीच्या, आणि एकूण आठ वाघिणींपैकी पाच ठरलेल्या क्रमाने जोडायच्या. त्याच्या ६,७२० जुळण्या होतात. खेळ म्हणून दोन्ही अप्रतिम आहेत, आणि अमेरिकन कोडं तर खेळ म्हणूनच रचलं होतं. पण लोकांनी त्याचा आराखडा उचलून त्याभोवती कारखान्याच्या भिंती उभ्या केल्या. पुढे-मागे जाणारे आडवेतिडवे रूळ, एक वाघीण काढायची तर दुसऱ्या कारखान्याची वाट अडवायची, हे सगळं ‘औद्योगिक लेआउट’ या नावाखाली वर्षानुवर्षं चाललं.

खऱ्या कारखान्याचा अभियंता नेमकं उलट करतो. इंजिनाचा तास आणि माणसांची पाळी यांचे पैसे मोजावे लागतात, त्यामुळे जागेने हात बांधलेले नसतील तर तो रूळ शक्य तितके सरळ आणि सोपे टाकतो. मग मॉडेलवर चालवायला मजा काय राहिली, असा आक्षेप हमखास येतो. त्याचं उत्तर दरवाज्यांत आहे.

कागद कारखान्याचा मालधक्का घ्या. एक सांधा (जिथे रूळ फुटतो ती जागा), एक सरळ रूळ, धक्क्याला चार दरवाजे. सगळ्यात आतल्या, चौथ्या दरवाज्यासमोरची वाघीण कागदाच्या रिळांनी भरून तयार आहे, बाहेरच्या तिघींचं भरणं अजून चालू आहे. चौथी काढायची तर आधी धक्का आणि वाघीण यांच्यामधल्या लोखंडी पाट्या उचलायच्या, फोर्कलिफ्टवाल्यांना बाहेर काढायचं, माणसं काम करत असल्याचा निळा झेंडा उतरवायचा. मग चारही वाघिणी ओढायच्या, भरलेली बाजूला ठेवायची, तिच्या जागी रिकामी आत ढकलायची आणि बाकीच्या तिघी पुन्हा आपापल्या दरवाज्यासमोर नेमक्या उभ्या करायच्या. एकाच सांध्यावर एवढं काम निघतं, आणि त्यासाठी रचलेल्या अडथळ्याची गरज लागत नाही.

रेल्वे कंपन्यांच्या दृष्टीने ही रोजचीच गोष्ट. अमेरिकेच्या पश्चिम भागात झोन, रूळ आणि रुळावरची नेमकी जागा यांना क्रमांक देणारे नकाशे वापरात होते. ते छंदिष्टांच्या हाती लागल्यावर आराखड्यांची भाषाच बदलली. ‘कारखान्यात दोन वाघिणी’ असं न म्हणता ‘तिसऱ्या रुळावर, दुसऱ्या दरवाज्याला’ असं लिहिलं जाऊ लागलं.

सगळ्यात मोठा वाद मात्र जागेचा आहे. डेट्रॉइटजवळ रूज नदीकाठी १९१७ ते १९२८ दरम्यान उभा राहिलेला मोटार कारखाना सुमारे दीड मैल लांब आणि एक मैल रुंद होता, आत सुमारे १०० मैल रूळ. १:८७ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान मॉडेलमध्ये, तो आवार २८ मीटर बाय १८ मीटर होतो आणि रूळ १.८ किलोमीटर. म्हणजे कात्री लावावीच लागते. कुठे लावायची, यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, कोळशापासून तयार मालापर्यंतची साखळी पूर्ण दिसली पाहिजे, सगळे विभाग ठेवा आणि प्रत्येक रूळ आखूड करा. कोक भट्टीशिवाय पोलाद कारखाना कसला, हा त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. दुसरा तट म्हणतो, विभागच्या विभाग गाळा, पण जो रूळ ठेवाल तो पूर्ण लांबीचा ठेवा. मला दुसरा पटतो. ५० फुटी वाघीण १:८७ मध्ये साडेसतरा सेंटिमीटरची होते, म्हणजे कपलिंग धरून चार दरवाज्यांना पाऊण मीटर लागतो. तो रूळ दोन दरवाज्यांवर आणला की वरचं सगळं शंटिंग निम्म्याहून कमी उरतं. वाघिणींची लांबी वाढत गेल्यामुळे हा पेच आणखी घट्ट झाला. १९६० च्या दशकात मोटारींच्या सुट्या भागांसाठी आलेली ८६ फुटी वाघीण या प्रमाणात ३० सेंटिमीटर भरते. १:१६० या आणखी लहान प्रमाणात जागेचा प्रश्न बराच सुटतो.

आराखड्यासाठी आज सर्वाधिक उपयोगी पडतात ते आगविम्याचे जुने नकाशे. अमेरिकेत १८६० च्या दशकापासून ते बनत गेले, साधारणपणे इंचाला ५० फूट या प्रमाणात. विटांच्या इमारती गुलाबी, लाकडी पिवळ्या, आणि साइडिंगसुद्धा दाखवलेल्या. नकाशा ६.९ पट मोठा केला की १:८७ चा आराखडा समोर येतो. हे नकाशे इंटरनेटवर आले आणि २००५ नंतर उपग्रह चित्रंही घरबसल्या मिळू लागली, तेव्हापासून एकाच कारखान्यावर अख्खा लेआउट बेतणं सोपं झालं. १९८० मध्ये अमेरिकन रेल्वेवरचे निर्बंध सैल झाल्यानंतर असंख्य साइडिंग उखडल्या गेल्या, तरी वरून पाहिलं की खुणा सापडतात. एखाद्या इमारतीची भिंत उगाच आत वळलेली दिसते, तिथून कधीकाळी रूळ वळत होता.

राहिला प्रश्न वर्ष निवडायचा. नकाशा एका दशकाचा, फोटो दुसऱ्या दशकाचे आणि वाघिणी तिसऱ्याच, अशी सरमिसळ फार दिसते. वर्ष ठरवलं की किती दरवाजे चालू होते, कोळसा अजून येत होता की नाही आणि इंजिन कारखान्याचं स्वतःचं होतं की रेल्वेचं, हे तीनही त्याच वर्षाच्या कागदांतून काढावे लागतात.