पार्श्वभूमी: शेअरचे भाव आणणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी

शेअरचे जुने भाव आणायला आज नोडमध्ये (जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर चालवणारी प्रणाली) चार ओळी पुरतात. एनपीएमवरून (नोडच्या तयार पॅकेजांचं भांडार) पॅकेज घ्यायचं, एपीआय की म्हणजे सेवेने दिलेला ओळखसंकेत द्यायचा, शेअरचं चिन्ह आणि दोन तारखा सांगायच्या, अवेट लावून उत्तर येईपर्यंत थांबायचं. या चार ओळींच्या पोटात लायब्ररी बरंच काही निस्तरत असते. त्यातलं पुष्कळसं भाव देणाऱ्या जुन्या मोफत वेब-पत्त्यांनी मागे ठेवलेलं आहे.

त्यात सर्वांत गाजलेला पत्ता याहू फायनान्सचा. ना की, ना नोंदणी. एस म्हणजे चिन्ह, ए-बी-सी म्हणजे सुरुवातीचा महिना, दिवस आणि वर्ष, डी-ई-एफ म्हणजे शेवटची तारीख. एवढं जोडलं की सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या आकड्यांची फाइल, हातात येई. महिना मात्र शून्यापासून मोजायचा, म्हणजे जानेवारी ० आणि डिसेंबर ११. जावास्क्रिप्टच्या डेट या तारखेच्या प्रकारातही महिना शून्यापासूनच सुरू होतो, त्यामुळे इथल्या लोकांचं आयतंच जमलं. महिना एकपासून मोजणाऱ्या भाषांत मात्र एका महिन्याची चूक ठरलेली.

अडचण ब्राउझरची होती. पान न बदलता सर्व्हरकडून डेटा मागवणारी एक्सएमएलएचटीटीपी रिक्वेस्ट १९९९ पासून होती, पण पानावरच्या स्क्रिप्टला दुसऱ्या डोमेनचं उत्तर वाचता येत नसे. २००५ मध्ये जेसनपीची पळवाट निघाली: डेटा स्क्रिप्ट टॅगमधून मागवायचा. २००८ मध्ये आलेल्या याहूच्या वायक्यूएल या डेटा विचारण्याच्या सेवेमुळे भावही तसे मिळू लागले. पुढे दुसऱ्या डोमेनला रीतसर परवानगी देणारं कॉर्स आलं (वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची शिफारस २०१४ ची), तरी ब्राउझरमध्ये ठेवलेली की कोणालाही वाचता येते, हा प्रश्न उरलाच. म्हणून हे काम सर्व्हरवर, २००९ मध्ये आलेल्या नोडकडे गेलं, आणि अशा सेवांशी बोलणारी क्लायंट लायब्ररी खऱ्या अर्थाने तिथे वाढली.

मग एकेक पत्ता मिटत गेला. गूगलचा फायनान्स एपीआय २०१२ मध्ये बंद झाला. मे २०१७ मध्ये याहूचा जुन्या भावांचा पत्ता गेला. नव्या पत्त्याला कुकी (साइटने ब्राउझरकडे ठेवलेली खूण) आणि तिच्याशी जुळणारा 'क्रंब' नावाचा छोटा संकेत लागे. दोन्ही आधी मिळवायचे, जपून ठेवायचे, शिळे झाले की पुन्हा आणायचे. हे प्रत्येकाने हाताने करण्यात अर्थ नव्हता, ते लायब्ररीतच असायला हवं होतं. त्याच नोव्हेंबरात चालू भावांची सीएसव्ही थांबली, जानेवारी २०१९ मध्ये वायक्यूएल. सीएसव्हीची डाउनलोड सोय २०२४ मध्ये सर्वांसाठी खुली राहिली नाही, तेव्हा याहू-फायनान्स-२ या लायब्ररीने जुनं हिस्टॉरिकल फंक्शन आतून याहूच्या आलेखांना भाव पुरवणाऱ्या 'चार्ट' पत्त्याकडे वळवलं.

की घेऊन चालणाऱ्या सेवांचीही शाश्वती नसते. आयईएक्स क्लाउड ही त्यातली एक सेवा ३१ ऑगस्ट २०२४ ला बंद झाली. अल्फा व्हँटेज या दुसऱ्या सेवेची खोड वेगळीच: मोफत मर्यादा संपली तरी उत्तराचा कोड (स्टेटस) २००, म्हणजे 'सगळं ठीक', येई, आणि भावांच्या जागी फक्त सूचनेचं वाक्य. नुसता स्टेटस तपासणारा कोड ते यशस्वी उत्तर समजून पुढे जाई आणि चार पायऱ्यांनंतर अनडिफाइंडवर, म्हणजे नसलेल्या मूल्यावर, आपटे.

सर्वांत जास्त वेळ खातात त्या वेळेच्या नोंदी. चार्टच्या उत्तरात वेळ १९७० च्या सुरुवातीपासूनच्या सेकंदांत येते, डेटला मिलिसेकंद हवेत. १७०००००००० ही नोव्हेंबर २०२३ ची वेळ तशीच दिली, तर २० जानेवारी १९७० उगवतो. हजाराने गुणलं की सुटतं, आणि चूक निदान डोळ्यांना दिसते. काही सेवा वेळ नॅनोसेकंदांत देतात, तिथली चूक दिसत नाही. आजच्या तारखेला तो आकडा १९ अंकी असतो आणि जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच पूर्णांक बिनचूक धरतो. जेसन (उत्तर ज्या मजकूर-रूपात येतं ते) पार्स होतानाच, म्हणजे वाचून मूल्यांत बदलतानाच, तो जवळच्या २५६ च्या पटीत बसतो, त्यामुळे लागोपाठचे दोन सौदे एकाच वेळेचे दिसू शकतात. पार्स झाल्यावर बिगइंट या मोठ्या पूर्णांकांच्या प्रकारात बदलून उपयोग नाही, अंक तोवर गेलेले असतात. ती वेळ मुळातूनच स्ट्रिंग म्हणजे मजकूर म्हणून उचलावी लागते.

चार्टच्या भावांच्या यादीत अधूनमधून नल, म्हणजे रिकामं मूल्य, येतो, त्याकडेही लक्ष हवं. बेरजेत नल म्हणजे मुकाट्याने शून्य, आणि सरासरी कोणतीही एरर न देता खाली येते.