पार्श्वभूमी : इद्रिसा गाना गेये आणि न घातलेली जर्सी

१४ मे २०२२ रोजी पॅरिस सेंट-जर्मेन या फ्रेंच फुटबॉल क्लबचा सामना माँपेलिएमध्ये होता. लीगचं विजेतेपद एप्रिलमध्येच पक्कं झालं होतं, त्यामुळे सामना नावापुरताच होता. पॅरिसने तो ४-० असा आरामात जिंकला. समलिंगीद्वेषाविरुद्धच्या मोहिमेसाठी त्या आठवड्यात फ्रान्सभर जर्सीवरचे आकडे इंद्रधनुष्याच्या रंगांत छापले होते. पॅरिसचा सेनेगली मध्यरक्षक इद्रिसा गेये संघात नव्हता. त्याला दुखापत झाली आहे का, असं विचारल्यावर प्रशिक्षकांनी ‘नाही, वैयक्तिक कारण आहे’ एवढंच सांगितलं. आदल्या वर्षी मे महिन्यात असेच रंगीत आकडे होते, त्याही सामन्यात तो नव्हता. तेव्हा कारण पोट बिघडल्याचं होतं.

त्याच्याबद्दल कुठेही काही लिहून आलं की सुरुवात बहुधा या सामन्यापासूनच होते. त्यात चूक काही नाही, पण मे २०२२ मध्ये गेये बत्तीस वर्षांचा होता आणि त्याच्या मागे युरोपातली चौदा वर्षं होती. ती बाजूला ठेवली तर पुढचंही नीट कळत नाही.

जन्म २६ सप्टेंबर १९८९, सेनेगलची राजधानी डाकार. २००२ च्या विश्वचषकात सेनेगलने पहिल्याच सामन्यात गतविजेत्या फ्रान्सला १-० ने हरवलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्या संघातले जवळपास सगळे खेळाडू फ्रान्सच्याच क्लबांत पोट भरत होते. पुढच्याच वर्षी डाकारच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या सालीमध्ये डियाम्बार्स ही निवासी अकादमी सुरू झाली. फ्रान्समध्ये नाव कमावलेले माजी खेळाडू तिच्या संस्थापकांत होते. फुटबॉलबरोबर शाळा सक्तीची. सगळी मुलं व्यावसायिक खेळाडू होणार नाहीत हे संस्थेने आधीपासून गृहीत धरलेलं होतं. गेये तिथे तयार झाला.

अशा अकादम्यांमागचं अर्थकारण समजलं नाही तर आफ्रिकी खेळाडूंची कारकीर्द नुसती नशिबाची गोष्ट वाटते. फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात बदली करता येत नाही. अपवाद मोजके आहेत आणि पश्चिम आफ्रिकेच्या वाट्याला ते फारसे येत नाहीत. म्हणून मूल अठराचं होईपर्यंत सांभाळायचं आणि मग पाठवायचं, असा क्रम पडला. पुढे कराराची मुदत संपण्याआधी खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबाला विकला गेला, की रकमेचे पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. सुरुवातीच्या चार वर्षांना प्रत्येकी पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा. ऐकायला चिल्लर वाटते, पण मूळ रक्कम कोटींत असली की सालीसारख्या ठिकाणी त्यातून मैदानं आणि वर्गखोल्या उभ्या राहू शकतात. मुलगा एकदा जाऊन भागत नाही, तो पुन्हा पुन्हा विकला जाणं अकादमीच्या फायद्याचं असतं.

२००८ मध्ये तो लील या फ्रेंच क्लबात गेला. आधी राखीव संघ, मग २०१० मध्ये मुख्य संघ. २०१०-११ मध्ये लीलने लीग आणि फ्रेंच चषक दोन्ही जिंकले. चषकाच्या अंतिम सामन्यात समोर पॅरिसच होतं. या दुहेरी यशात गेयेचा वाटा छोटा होता. त्याच्या जागेवर खेळणारे त्याच्याहून मुरलेले होते. त्यांतला एक त्याच उन्हाळ्यात इंग्लंडला गेला आणि तेव्हा कुठे जागा मोकळी झाली. नंतरची चार वर्षं लील हळूहळू साधं होत गेलं, गेये मात्र नियमित झाला.

इंग्लंडमधली त्याची सुरुवात वाईट म्हणावी अशीच. २०१५ च्या उन्हाळ्यात अ‍ॅस्टन व्हिलाने फ्रेंच लीगमधून एकामागून एक खेळाडू आणले, त्यांत तो होता. ही खरेदी आकडेवारीच्या भरवशावर झाली अशी टीका लगेच सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षक गेला, नवा आला, तोही मार्चमध्ये गेला. हंगाम संपला तेव्हा व्हिला तळाला होतं. अडतीस सामन्यांत तीन विजय, सतरा गुण. ‘फ्रान्सहून आणलेला माल’ हा शेरा सगळ्यांना सरसकट चिकटला.

पण त्याच हंगामात लीगमध्ये सर्वाधिक टॅकल, म्हणजे समोरच्याच्या पायातून चेंडू काढून घेणं, करणाऱ्यांत गेये दुसरा होता. त्याच्या वरचं नाव लेस्टरच्या त्या फ्रेंच मध्यरक्षकाचं, ज्याच्या धावण्यावर लेस्टरने विजेतेपद मिळवलं असं जो तो म्हणत होता. पहिल्या क्रमांकाच्या आणि शेवटच्या क्रमांकाच्या संघात चेंडू हिसकावून घेणारी माणसं जवळपास सारखंच काम करत होती. एकाला पदक मिळालं, दुसऱ्याचा क्लब खालच्या श्रेणीत गेला. हरणाऱ्या संघाला चेंडू जास्त वेळा हिसकावावा लागतो, म्हणून त्याचे आकडे फुगतात, हा आक्षेप रास्त आहे. पण तो गेयेला लागू पडत नव्हता हे वर्षभरात दिसलं.

व्हिलाशी झालेल्या त्याच्या करारात ७१ लाख पौंडांचं रिलीज क्लॉज होतं, म्हणजे तेवढी रक्कम देणाऱ्या क्लबला तो सोडावाच लागणार होता. एव्हर्टनने ऑगस्ट २०१६ मध्ये तेवढेच पैसे मोजले आणि त्याला उचललं. २०१६-१७ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक टॅकल त्याच्या नावावर होते, तेही सातव्या आलेल्या संघाकडून. मधल्या फळीचा असा खेळाडू घरातल्या पाण्याच्या टाकीसारखा असतो, आहे तोवर तिच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. तो गेल्यावर ती जागा भरायला एव्हर्टनने एकामागून एक माणसं आणली, आणि त्याच्याविना तिसऱ्या हंगामात संघ सोळावा आला.

जाणंही सरळ झालं नाही. जानेवारी २०१९ मध्ये पॅरिसने विचारणा केली, एव्हर्टनने नकार दिला, गेयेने बदलीचा लेखी अर्ज दिला, तरी सौदा झाला नाही. अशा वेळी बरेच खेळाडू तोंड पाडून बसतात. याने उरलेला हंगाम नेहमीसारखाच खेळून काढला. जुलैअखेर सुमारे तीन कोटी पौंडांत तो पॅरिसला गेला. एव्हर्टनला तीन वर्षांत चौपट किंमत मिळाली.

पॅरिसमधला पहिला मोठा दिवस सप्टेंबर २०१९ मधला. रिआल माद्रिदला ३-० ने हरवलं त्या रात्री गोल दुसऱ्यांनी केले, पण मैदानाचा मधला भाग गेयेचा होता. पुढे मात्र चढउतार. २०२० च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तो पहिल्या अकरात नव्हता. २०२१ च्या उपांत्य फेरीत मँचेस्टर सिटीविरुद्ध लाल कार्ड मिळालं आणि पॅरिस तो सामना १-२ ने हरलं. त्या वर्षीची लीगही हातची गेली, तीही लीलकडे. पाच महिन्यांनी पुन्हा सिटी. आठव्या मिनिटाला उजवीकडून चेंडू आत आला, पॅरिसच्या ब्राझिलियन ताऱ्याने त्यावर पाय फिरवला तो हवेतच. चेंडू मागून आलेल्या गेयेपुढे पडला आणि त्याने तो थेट जाळीच्या वरच्या भागात मारला. लोकांना तो सामना दुसऱ्या गोलासाठी आठवतो, कारण बार्सिलोनाहून आलेल्या खेळाडूचा पॅरिससाठी तो पहिलाच गोल होता.

राष्ट्रीय संघाचं थोडक्यात. २०१८ च्या विश्वचषकात सेनेगल आणि जपानचे गुण, गोलफरक, एकमेकांविरुद्धचा निकाल, सगळं सारखं होतं. पिवळी कार्डं जास्त म्हणून सेनेगल बाहेर. विश्वचषकात असं पहिल्यांदाच घडत होतं. २०१९ मध्ये कैरोत आफ्रिकी चषकाच्या अंतिम सामन्यात अल्जेरियाकडून ०-१ हार. ६ फेब्रुवारी २०२२ ला याउंडेमध्ये इजिप्तविरुद्ध पेनल्टींवर विजय आणि देशाचा पहिलावहिला आफ्रिकी चषक. म्हणजे माँपेलिएच्या सामन्याआधी जेमतेम तीन महिने हा माणूस डाकारच्या रस्त्यांवर विजयाच्या मिरवणुकीत होता. सेनेगलमधली पुढची प्रतिक्रिया एवढी तीव्र का झाली, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

आता ती जर्सी.

रंगीत आकड्यांची मोहीम फ्रेंच लीगची होती. १७ मे या समलिंगीद्वेषविरोधी आंतरराष्ट्रीय दिनाच्या आसपासच्या फेरीत सगळ्या संघांनी तसे आकडे घालायचे. स्टँडमधल्या घोषणा, सामने थांबवावे लागणं, या सगळ्याचा इतिहास तिच्यामागे होता आणि ती हवेतून आलेली नव्हती. पण ही मोहीम होती, नियम नव्हता. एखाद्या खेळाडूने नाही म्हटलं तर काय, हे कुणी ठरवलेलं दिसत नव्हतं. क्लबने तर आदल्या वर्षी वेळ मारून नेली होती. दुसऱ्यांदा तसं जमलं नाही.

ती जर्सी घालायची नव्हती म्हणून गेये खेळला नाही, अशी बातमी पसरली. समलिंगीद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्यांनी लगेच आवाज उठवला. फ्रान्समधल्या उजव्या पक्षाच्या एका बड्या नेत्याने कारवाई मागितली. त्यानंतर फ्रेंच महासंघाच्या नीतिमत्ता समितीने गेयेला पत्र लिहिलं. पत्रात दोन पर्याय होते. बातमी खोटी असेल तर तसं ताबडतोब जाहीर करा, त्या जर्सीतला फोटो टाकला तरी चालेल. खरी असेल, तर आपल्या कृतीचा परिणाम आणि आपण केलेली गंभीर चूक ओळखा. हे पत्र बाहेर फुटलं आणि वाद तिथून पूर्ण हाताबाहेर गेला.

माझ्या मते खरी गडबड या पत्रात आहे. समितीच्या हातात खेळाडूचं एकही विधान नव्हतं. ऐकीव गोष्टीवरून एका माणसाला तू निर्दोष असल्याचा फोटो काढून दाखव, असं सांगणं ही चौकशी नव्हे. आणि तोच फोटो घेऊन त्याला सुट्टीत घरी जायचं होतं, अशा देशात, जिथे दंडसंहितेचं कलम ३१९ समलिंगी संबंधांना पाच वर्षांपर्यंत कैद सांगत होतं. कायदा आणखी कडक करण्याचं विधेयक तिथल्या संसदेच्या कार्यालयाने जानेवारी २०२२ मध्येच फेटाळलं होतं, त्यामुळे रस्त्यावरचे गट चिडलेले होते. जुलैमध्ये संसदेच्या निवडणुका. राष्ट्राध्यक्षांनी त्याच्या धार्मिक श्रद्धेचा मान राखा असं ट्विट केलं, तिथल्या महासंघाने पाठिंबा दिला, इंग्लंडमध्ये खेळणाऱ्या दोघा सहकाऱ्यांनी त्याच्यासोबत असल्याचं लिहिलं. यातला कुणीही नुकसान सोसून बोलत नव्हता, हेही लिहायला हवं.

दुसरी बाजू मात्र ‘श्रद्धा’ या एका शब्दाने संपत नाही. जर्सीवरचे ते आकडे कुणाला धर्म सोडायला सांगत नव्हते. लपून जगणारा एखादा तरुण खेळाडू किंवा स्टँडमध्ये बसलेला समर्थक त्या गैरहजेरीचा अर्थ आपल्या परीने लावणारच, आणि तो अर्थ दुखावणारा असणार. गेयेने त्यावर जाहीरपणे काहीच स्पष्ट केलं नाही. त्या मौनाने त्याचा बचाव झाला, तसंच त्याच्या नावावर कुणालाही काहीही खपवण्याची सोयही झाली.

पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये एकाच्या ऐवजी अनेक क्लबांत खेळाडूंनी हीच जर्सी नाकारली. नाँतच्या एका इजिप्शियन आघाडीपटूला क्लबने दंड केला. २०२४ मध्ये मोनाकोच्या माली देशाच्या मध्यरक्षकाने जर्सीवरचं मोहिमेचं चिन्ह पट्टी लावून झाकलं आणि त्याला चार सामन्यांची बंदी झाली. दोन वर्षांत प्रकरण वैयक्तिक कारणापासून बंदीपर्यंत पोचलं. गेयेला मात्र कोणतीही शिक्षा झाली नाही.

मग पॅरिसने त्याला यामुळेच काढलं का? तसं सर्रास लिहिलं जातं. त्या उन्हाळ्यात नवा प्रशिक्षक आला, मधल्या फळीत अनेक नवे खेळाडू आले आणि बरेच जुने गेले. गेये त्या जुन्यांपैकी एक होता, बाकीच्यांचं कुठल्याही जर्सीशी वाकडं नव्हतं. वय बत्तीस, कराराचं शेवटचं वर्ष. जर्सीशिवायही तो गेलाच असता.

१ सप्टेंबर २०२२ ला तो एव्हर्टनमध्ये परतला. मे महिन्यात, जर्सीचा वाद पेटला त्याच आठवड्यात, एव्हर्टन क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ०-२ वरून ३-२ असं येऊन खालच्या श्रेणीत जाण्यापासून कसंबसं वाचलं होतं. परत आल्यावरही दोन हंगाम तसेच गेले. वर्षअखेरच्या विश्वचषकात इक्वेडोरविरुद्ध त्याने सेनेगलसाठी शंभरावा सामना खेळला, त्याच सामन्यात स्पर्धेतलं दुसरं पिवळं कार्ड घेतलं आणि इंग्लंडविरुद्धच्या बाद फेरीला मुकला. सेनेगल ०-३ ने हरलं.

२०२३-२४ मध्ये आर्थिक नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे आधी दहा गुण कापले, अपिलात ते सहा झाले, नंतर आणखी दोन गेले. एप्रिलअखेर एका आठवड्यात तीन घरचे सामने आले. नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध पहिला गोल गेयेचा. मग लिव्हरपूलला २-० ने हरवलं. २७ एप्रिलला ब्रेंटफर्डविरुद्ध सामन्यातला एकमेव गोल पुन्हा गेयेचा, आणि त्यावर क्लबचं लीगमधलं स्थान पक्कं झालं. आयुष्यभर गोल अडवण्याचे पैसे घेतलेल्या माणसाचे हे दोन गोल एव्हर्टनला त्याच्या मूळ किमतीपेक्षा कितीतरी जास्त मोलाचे ठरले.

२४ नोव्हेंबर २०२५ ला ओल्ड ट्रॅफर्डवर तेराव्या मिनिटाला त्याने स्वतःच्याच संघाच्या बचावपटूला थप्पड मारली. चेंडू गमावण्यावरून शब्दाला शब्द लागला होता, गोलरक्षक मध्ये पडला तोवर उशीर झाला होता. पंचांनी लाल कार्ड काढलं. दहा जणांच्या एव्हर्टनने तो सामना १-० ने जिंकला. गेयेने माफी मागितली आणि तीन सामन्यांच्या बंदीला सामोरा गेला. मोरोक्कोतल्या आफ्रिकी चषकासाठी त्याला महिन्याभरात निघायचं होतंच.