हवेपलीकडच्या लहान दुर्बिणी

आदित्य-एल१ यानावरून सूर्याची छायाचित्रं घेणारी ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तयार झाली. तिचं तोंड जेमतेम १४ सेंटिमीटरचं. एवढ्या दुर्बिणी आपल्याकडे हौशी आकाशनिरीक्षकांच्या गच्चीवरही असतात. पण सूट प्रकाशाच्या ज्या अतिनील पट्ट्यात बघते, म्हणजे २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, त्यातला ३०० च्या खालचा सूर्य जमिनीवरच्या दहा मीटरच्या आरशालाही दिसणार नाही. अतिनील खगोलशास्त्रात आरसा किती मोठा हे नंतर विचारायचं. तो कुठे आहे हे आधी. गेल्या पाऊणशे वर्षांत या शाखेनं जे मिळवलं, त्यातलं पुष्कळसं लहान दुर्बिणींनी मिळवलेलं आहे, आणि त्यांना त्याचं श्रेय फार कमी मिळतं असं मला वाटतं.

जांभळ्याच्या पलीकडे काहीतरी आहे हे १८०१ मध्येच कळलं होतं. जर्मनीतल्या येना इथे योहान रिटर यांनी सिल्व्हर क्लोराइड सूर्याच्या वर्णपटात ठेवलं, तेव्हा ते जांभळ्या रंगाच्या बाहेर, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे सगळ्यात लवकर काळं पडलं. पण हा पट्टा फार पुढे जात नव्हता. सुमारे ३०० नॅनोमीटरच्या खाली सूर्याचा उजेड एकदम तुटायचा. कारण आपल्या डोक्यावरचा ओझोन. आपल्या कातडीवर त्याचे उपकारच आहेत, पण खगोलशास्त्रज्ञांची त्यानं मोठी पंचाईत करून ठेवली. हायड्रोजनची वर्णपटातली सर्वांत ठळक रेषा १२१.६ नॅनोमीटरवर आहे. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांच्याही मुख्य रेषा त्याच भागात. २५ हजार अंश तापमानाचा तारा सर्वाधिक उजेड फेकतो तोही ११६ नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे तप्त ताऱ्यांबद्दल जमिनीवरून जे काही शिकलो, ते त्यांच्या प्रकाशाचं नुसतं शेपूट बघून.

दार उघडलं ते युद्धातल्या शस्त्रानं. जर्मनीकडून हस्तगत केलेले व्ही-२ अग्निबाण अमेरिकेनं न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सवरून उडवायला सुरुवात केली आणि नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या रिचर्ड टाउसी यांच्या गटाला त्यात वर्णपटमापक ठेवायची संधी मिळाली. जून १९४६ चं पहिलं उपकरण अग्निबाणाच्या नाकात होतं. अग्निबाण जमिनीवर आदळला आणि खड्ड्यातून हाती लागलं नाही म्हणण्याइतकंच लागलं. पुढच्या वेळी उपकरण शेपटीच्या पंखात बसवलं, कारण पडताना तो भाग वाचण्याची शक्यता जास्त होती. १० ऑक्टोबर १९४६ ला फिल्म शाबूत परत आली. अग्निबाण जसजसा ओझोनच्या वर जात होता, तसतसा सूर्याचा वर्णपट एकेका चौकटीत लांबत गेला होता, थेट २२० नॅनोमीटरपर्यंत.

त्याच वर्षी अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी अवकाशातल्या वेधशाळेचे फायदे सांगणारा अहवाल लिहिला. तेव्हा एकही कृत्रिम उपग्रह नव्हता आणि तो यायला आणखी अकरा वर्षं होती. हबल दुर्बिणीची गोष्ट सांगताना या अहवालाचा उल्लेख हटकून होतो. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते स्पिट्झर यांचे सहकारी डोनाल्ड मॉर्टन यांचं १९६५ मधलं काम. अग्निबाण वातावरणाबाहेर असतो ती उणीपुरी पाचेक मिनिटं, आणि तेवढ्यात उपकरण ताऱ्यांवर रोखून वर्णपट घ्यायचा. मॉर्टन यांनी निवडले मृग नक्षत्रातल्या बाणाचे तीन तारे. त्यांच्या रेषा जागच्या जागी नव्हत्या. निळ्याकडे सरकलेल्या त्या रेषांचा अर्थ असा होता, की या ताऱ्यांमधून सेकंदाला हजार किलोमीटरहून जास्त वेगानं वायू बाहेर उधळतो आहे. थंडीत आपण रोज पाहतो ते हे तारे स्वतःलाच झिजवत आहेत हे त्या पाच मिनिटांत कळलं. मोठ्या ताऱ्यांच्या आयुष्याचं सगळं गणित त्यामुळे नव्यानं मांडावं लागलं.

पाच मिनिटांवरून पाच वर्षांवर जायचं तर उपग्रह हवा. नासाच्या ओएओ या अवकाश वेधशाळांच्या मालिकेतला पहिला उपग्रह एप्रिल १९६६ मध्ये गेला आणि वीजपुरवठा कोलमडल्यानं तीन दिवसांत, एकही निरीक्षण न करता संपला. डिसेंबर १९६८ चा ओएओ-२ मात्र चार वर्षांहून जास्त चालला. विस्कॉन्सिनच्या आर्थर कोड यांच्या गटाच्या लहान दुर्बिणी त्याच्या एका टोकाला होत्या, स्मिथसोनियनच्या दुसऱ्या टोकाला. १९७० मध्ये त्यानं ‘टागो-साटो-कोसाका’ धूमकेतूभोवती हायड्रोजनचा प्रचंड ढग पाहिला. धूमकेतूत पाणी असावं या तर्काला त्यामुळे चांगलंच बळ मिळालं. त्याच वर्षीच्या तिसऱ्या उपग्रहाचं संरक्षक कवच सुटलंच नाही आणि त्या वजनापायी तो परत खाली आला. चौथा, ‘कोपर्निकस’, ऑगस्ट १९७२ मध्ये ८० सेंटिमीटरचा आरसा घेऊन गेला. बीटा सेंटॉरी, म्हणजे आपला मित्रक, याच्या वाटेवरच्या वायूत त्यानं ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, मोजलं आणि विश्वात साधं द्रव्य किती असेल याचा अंदाज त्यावरून बांधता आला.

१९७२ चा एप्रिल महिना तर वेगळ्याच कारणानं लक्षात ठेवण्यासारखा. जॉर्ज कॅरुथर्स या कृष्णवर्णीय अमेरिकी शास्त्रज्ञानं बनवलेला सोन्याचा मुलामा दिलेला अतिनील कॅमेरा अपोलो-१६ बरोबर चंद्रावर गेला. जॉन यंग यांनी तो चांद्रयानाच्या सावलीत उभा केला आणि मधूनमधून येऊन हातानं वळवून एकेका लक्ष्यावर रोखला. पृथ्वीभोवतीचं हायड्रोजनचं तेजोवलय त्यात बाहेरून टिपलं गेलं. फिल्म परत आली, कॅमेरा अजून तिथेच आहे.

आता आययूई. या उपग्रहाला मी अतिनील खगोलशास्त्राचा खरा कष्टकरी म्हणेन. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांचा मूळ आराखडा तेव्हाच्या युरोपीय अवकाश संशोधन संघटनेनं नाकारला होता. त्यांनी तो अमेरिकेत नेला. नासा, युरोप आणि ब्रिटन यांनी मिळून २६ जानेवारी १९७८ ला तो सोडला. आरसा ४५ सेंटिमीटरचा, अपेक्षित आयुष्य तीन वर्षं. तो चालला अठरा वर्षांहून जास्त आणि एक लाखाहून अधिक वर्णपट देऊन गेला. त्याची कक्षा अशी होती की तो अमेरिकेतल्या गोडार्ड केंद्राच्या टप्प्यातून कधी सुटत नसे. दिवसाचे सोळा तास गोडार्डहून आणि आठ तास माद्रिदजवळच्या विल्याफ्रांका केंद्रातून काम चाले. वेळ मिळालेला खगोलशास्त्रज्ञ स्वतः तिथे बसायचा, तारा ओळखायचा, किती वेळ प्रकाश गोळा करायचा ते ठरवायचा आणि थोड्या वेळानं वर्णपट समोर पडद्यावर उमटायचा. वेधशाळेत बसून दुर्बीण चालवावी तसा हा उपग्रह चालवला जाई. दिशा सांभाळणाऱ्या सहा जायरोंपैकी एकेक निकामी होत गेला, तसतसे अभियंते सूर्यसंवेदकाच्या मदतीनं उरलेल्यांवर भागवायला शिकले. शेवटी एकच जायरो उरला होता. ३० सप्टेंबर १९९६ ला उपग्रह बंद केला तो तुटला म्हणून नव्हे, तर तो चालवायचे पैसे संपले म्हणून.

फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या दीर्घिकेत, अतिनवतारा दिसला, तेव्हाची आययूईची कामगिरी सविस्तर सांगायलाच हवी. स्फोट कुठल्या ताऱ्याचा, हा पहिला प्रश्न. जागेवरून संशय सँडुलीक -६९ २०२ या निळ्या महाराक्षसी ताऱ्यावर होता. पण पाठ्यपुस्तकं सांगत होती की फुटतात ते लाल महाराक्षसी तारे. स्फोटाचा अतिनील उजेड काही दिवसांतच झपाट्यानं ओसरला आणि मागे तप्त ताऱ्यांचा वर्णपट उरला. म्हणजे सँडुलीक शाबूत आहे की काय? आययूईचे वर्णपट बारकाईनं सोडवल्यावर कळलं, की उरलेले दोन तारे त्याचे शेजारी आहेत आणि सँडुलीक जागेवर नाही. निळा ताराच फुटला होता. पुढे त्याच वर्षी अरुंद रेषा उमटू लागल्या आणि स्फोटाच्या आधीच ताऱ्यानं टाकलेल्या वायूचं कडं तिथे आहे हे उघड झालं. १९९० मध्ये हबलनं ते कडं प्रत्यक्ष दाखवलं.

ग्रहांकडे या पट्ट्यातून बघायची सुरुवात खरं तर जमिनीवरूनच झाली. १९२० च्या दशकात फ्रँक रॉस यांनी माउंट विल्सनवरून शुक्राचे अतिनील फोटो काढले आणि एरवी कोऱ्या दिसणाऱ्या त्याच्या ढगांत गडद पट्टे निघाले. ते पट्टे कशामुळे पडतात याचं उत्तर आजही पूर्ण मिळालेलं नाही. १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, तेव्हाचे डाग हबलला अतिनीलमध्ये काळेकुट्ट दिसले. गुरूच्या ध्रुवीय प्रकाशात आयोसारख्या चंद्रांच्या पाऊलखुणाही याच पट्ट्यात टिपल्या गेल्या.

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांत मात्र अतिनीलनं बाजीच मारली. सुमारे १६० प्रकाशवर्षांवरच्या एचडी २०९४५८ या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह जातो, तेव्हा दृश्य प्रकाश साधारण दीड टक्क्यानं घटतो. आल्फ्रेड विडाल-माजार यांच्या गटानं हबलमधून तेच अधिक्रमण हायड्रोजनच्या १२१.६ नॅनोमीटर रेषेत पाहिलं आणि घट निघाली १५ टक्के. ग्रह तर तेवढाच. मग एवढा उजेड अडवला कुणी? ग्रहाच्या पकडीतून सुटत चाललेल्या हायड्रोजननं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हिशेबानुसार सेकंदाला किमान दहा हजार टन वायू निसटत होता. पुढे जीजे ४३६ बी या ग्रहाभोवती तर धूमकेतूसारखी लांब शेपटी आढळली, ताऱ्याचा त्या रेषेतला अर्ध्याहून जास्त उजेड झाकणारी.

भारताची यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेली. बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, आयुका, मुंबईची टीआयएफआर, इस्रो आणि कॅनडाची अवकाश संस्था यांचं हे काम. ३८ सेंटिमीटरच्या दोन जुळ्या दुर्बिणी, आणि एका वेळी दिसणारं आकाश जवळपास पूर्णचंद्राएवढं. अतिनील उपकरणाचा खरा शत्रू असतो वाफ. यानाच्या रंगातून, डिंकातून, प्लास्टिकमधून निर्वातात सुटणारे रेणू आरशावर बसले की त्यांचा डोळ्याला न दिसणारा पातळ थरही अतिनील प्रकाश गिळतो. म्हणून जुळणी स्वच्छ कक्षात झाली आणि अवकाशात गेल्यावरही दुर्बिणींची झाकणं सुमारे दोन महिने उघडली नाहीत. यान आधी पुरतं ‘सुकू’ दिलं. उघडलेली ती झाकणंच नंतर उन्हापासून आडोसा म्हणून वापरली गेली. २०१६ मध्ये अन्नपूर्णी सुब्रमण्यम यांच्या गटानं ध्रुवताऱ्याजवळच्या एनजीसी १८८ या म्हाताऱ्या तारकागुच्छात, वयाच्या मानानं फार निळ्या दिसणाऱ्या एका ताऱ्याचा १७ हजार अंश तापमानाचा जोडीदार शोधला. या जोडीदाराचं द्रव्य ओढूनच तो तारा ‘तरुण’ झाला होता. जवळच्या अतिनील पट्ट्याची बाजू २०१८ मध्ये बंद पडली, तरी दूरच्या अतिनीलची चालू राहिली.

आज हबल म्हातारी झाली आहे. जून २०२४ पासून तीही एकाच जायरोवर भागवते आहे. वेब दुर्बिणीला अतिनील दिसतच नाही. नासाची यूव्हीईएक्स ही अतिनील दुर्बीण २०३० मध्ये नियोजित आहे. मधल्या काळात कोलोरॅडो विद्यापीठानं सप्टेंबर २०२१ मध्ये सोडलेला ‘क्यूट’ हा सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचा उपग्रह बघावा. त्याचा आरसा चौकोनी, २० बाय ८ सेंटिमीटरचा. त्यानं वॅस्प-१८९ बी या तापलेल्या ग्रहातून बाहेर पडणारं मॅग्नेशियम पाहिलं, आणि त्या मोजणीचं नेतृत्व ए. जी. श्रीजित या भारतीय शास्त्रज्ञानं केलं.